माझ्या खिशात असलेला संजयचा चाकू

आधीच सांगतो, मी ह्या ग्रुपवर टाइमपास म्हणून आलो होतो. ऑफिसात जेवताना तुमचे अनुभव वाचायचे, शेजारच्याला दाखवायचे आणि हसायचं. चकवा, झपाटलेला फ्लॅट, स्वप्नात आलेली आजी... माझा कशावरच विश्वास नव्हता. कुणी काही लिहिलं की खाली 'झोप पूर्ण करत जा' अशी कमेंट टाकणारा मीच. आज स्वतः लिहितोय. आणि खरं सांगू का, जे घडलं त्याची मला भीती वाटत नाही. लाज वाटते. लिहायला आठ महिने लागले ते त्यामुळेच. नावं बदलली आहेत.

मी बोरिवली वेस्टला राहतो, नोकरी पवईला. संजय माझा अकरावीपासूनचा मित्र, चारकोपला असतो. एका कारखान्यात टूलरूम सांभाळतो. त्याला घडीच्या चाकूंचा भयंकर नाद. कपाटातल्या एका खणात मऊ कापड घालून पंचवीस-तीस चाकू मांडून ठेवलेत. कुणी घरी आलं की खण उघडतो. त्याचं बघून मलाही नाद लागला, पण माझ्याकडे जेमतेम तीन.

दीड वर्षापूर्वी मला ऑनलाइन एक चाकू दिसला. युरोपातल्या जुन्या काळच्या सरदारांच्या तलवारीसारखा केलेला. पितळी मूठ, तिच्यावर चिलखत घातलेला घोडेस्वार, त्याच्या हातात ढाल आणि ढालीवर बारीकसा सिंह. पातं जेमतेम तीन इंचांचं. मुठीला तलवारीसारखी आडवी पट्टी, आणि चाकू बंद असला तरी तिची दोन टोकं बाहेर यायची. मी दोन दिवस तो कार्टमध्ये ठेवून नुसता बघत बसलो. मध्येच संजयला लिंक पाठवली — 'कसा आहे सांग.' त्याचा रिप्लाय आला, 'झकास.' तिसऱ्या दिवशी बघतो तर संपलेला. शेवटचा संजयने घेतला होता.

त्याच्या मनात काही नव्हतं. मला वाटलं तू घेतलास, म्हणाला. मीही हसून सोडून दिलं असं दाखवलं. पण सोडलं नव्हतं. बाकीचे चाकू खणात राहायचे, हा मात्र कायम त्याच्या खिशात. कुरियरचं खोकं उघडायला हाच, कलिंगड कापायला हाच. फक्त मेट्रोने जायचं असलं की घरी ठेवायचा. प्रत्येक वेळी त्याने तो बाहेर काढला की मी मनातल्या मनात धुसफुसायचो. त्रेचाळीस वर्षांचा माणूस मी... एका चाकूवरून.

एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. किचनच्या ओट्यावर चाकू पडलेला. संजय आत फोनवर, वैशालीवहिनी बाल्कनीत कपडे काढत होत्या. मी चाकू उचलला, हातात धरला, बंद केला आणि खिशात टाकला. चोरायचा म्हणून नाही, शपथेवर सांगतो. नुसतं बघायचं होतं, खिशात असला की कसं वाटतं. तेवढ्यात संजय बाहेर आला आणि म्हणाला, "चाकू कुठे गेला रे इथला?"

त्याच क्षणी काढून द्यायचा होता. गंमत केली म्हणायचं होतं. मी म्हणालो, "इथेच असेल की."

मग शोधाशोध सुरू झाली. त्याने फ्रिज सरकवला. मी गुडघ्यांवर बसून मोबाइलचा टॉर्च मारून फ्रिजखाली बघत होतो आणि चाकू माझ्या मांडीला टोचत होता. वहिनींनी कचऱ्याचा डबा पेपरवर उपडा केला. जितका वेळ गेला तितकं ते काढून देणं अवघड होत गेलं. शेवटी मी चहा पिऊन घरी आलो.

पुढचे तीन आठवडे चाकू माझ्याकडे होता. घरी ठेवला तर मनीषाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हाती लागेल म्हणून सतत खिशात. एकदाही उघडला नाही. उघडावासाच वाटला नाही.

मग आमचं चौघांचं गोराईला जायचं ठरलं. जेट्टीवरून बाइक होडीत चढवून पलीकडे जायचं, गावात मासे खायचे आणि संध्याकाळी परत. मी मनात पक्कं केलं की आज हे संपवायचं. संजयच्या बाइकला मागे एक कापडी बॅग असते. कुणाचं लक्ष नसताना तिच्यात चाकू टाकायचा. त्याला सापडेल, इथेच राहिला होता म्हणेल, विषय मिटेल. होडीत पूर्ण वेळ माझा हात उजव्या खिशावर होता. त्या पट्टीची दोन्ही टोकं कापडातून बोटांना लागत होती. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे तुम्ही हेच विचारणार आहात. होडीत मोका मिळाला नाही, मनीषा शेजारीच होती.

पलीकडे उतरून निघालो. सकाळचे साडेदहा-अकरा वाजले असतील, लख्ख ऊन. पुढे संजय-वहिनी, मागे आम्ही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाजण, नुसती खारी दलदल, दुकान नाही, घर नाही. वहिनींची ओढणी लांब होती, कॉटनची. ती एका बाजूने सुटून उडताना मला दिसली. मी हॉर्न दिला. संजयला वाटलं मी पुढे जायला बघतोय, त्याने बाइक बाजूला घेतली... आणि ओढणी मागच्या चाकात गेली.

वहिनी मागे ओढल्या गेल्या. बाइक हळू होती म्हणून फरफट झाली नाही, जागच्या जागी आडवी झाली. पण ओढणीचे दोन वेढे गळ्याला होते आणि दुसरं टोक चाकात गच्च बसलं होतं. पिळून दोरीसारखी झालेली. गळा आणि ओढणी ह्यांच्यात बोट जायला जागा नव्हती. वहिनींचा आवाजच बंद झाला.

संजय चाक उलटं फिरवायला बघत होता, चाक हलेना. मग दातांनी ओढणी तोडायला लागला. मनीषा पर्स रस्त्यावर उलटी करून म्हणत होती, "कात्री नाही, काहीच नाही." संजयने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"तुझ्याकडे आहे का रे काही कापायला?"

माझा हात खिशावर गेला होता. पँटच्या कापडावरून चाकू हाताला लागत होता. मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो? आठ महिने झाले, ह्याचं उत्तर शोधतोय. विचार केलाच नव्हता. तीन आठवडे तेच बोलत होतो, जीभ तिकडेच वळली. तोंडातून शब्द गेला आणि मी तसाच उभा राहिलो. दोन सेकंद, तीन सेकंद... मला मोजता येत नाहीत. वहिनींचं तोंड माझ्याच बाजूला होतं. डोळे उघडे होते. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

आणि मग संजयने स्वतःच्या खिशात हात घातला, चाकू काढला, अंगठ्याने उघडला. तो लॉकचा खट् आवाज मी ऐकलाय. तीन झटक्यांत ओढणी कापली. ढालीवरचा सिंह मला दिसला. मी माझ्या खिशात हात घातला. घरची किल्ली होती, रुमाल होता. दुसरं काही नव्हतं.

वहिनी खोकल्या, ओकल्या, मग मोठ्याने श्वास घ्यायला लागल्या. मागून एक टेम्पो आला, त्यात घालून गावातल्या डॉक्टरकडे नेलं. गळ्यावर लाल वळ आणि कोपर सोललेलं, बाकी ठीक. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर सांगता येत नव्हतं.

बाहेरच्या बाकावर मी संजयला विचारलं, "चाकू कुठे सापडला तुला?"

"सापडला म्हणजे? खिशातच..." एवढं बोलून तो थांबला. चाकू काढून बघत राहिला. "हरवला होता ना हा?"

"हो."

"सकाळी मी खिसे बघितले रे. पाकीट आणि मोबाइल, बस." त्याने चाकू उलटसुलट करून बघितला. "ती गुदमरत होती, मी हात घातला आणि हा हाताला लागला."

त्याने तिथूनच गावी आईला फोन लावला. आई म्हणाली, "रवळनाथान हात दिल्यान रे बाबा." पुढच्याच महिन्यात तो गावी जाऊन ग्रामदैवताला नारळ देऊन आला. तेव्हापासून ही गोष्ट तो सगळ्यांना सांगतो. सोसायटीत, कारखान्यात, लग्नात. आणि मी जवळ असलो की माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "ह्याला विचारा, हा होता तिथे." मी मान हलवतो.

आता तुम्ही म्हणाल, होडीत पडला असेल आणि संजयने नकळत उचलला असेल. पण मी 'नाही' म्हणेपर्यंत तो माझ्या हाताखाली होता. मी घाबरून काढून दिला असेल? मनीषाला विचारलं, मी तेव्हा काय करत होतो. ती म्हणाली, "नुसता उभा होतास. मला इतका राग आला होता तुझा." तसेच दोन चाकू असतील? ढालीचा कोपरा उडालेला होता, पूर्वी एकदा ओट्यावर आपटून. हाच तो. घरी येऊन पँट उलटी केली, खिसा शाबूत. मांडीवर त्या पट्टीच्या टोकांचे दोन लाल ठिपके होते, चार दिवसांनी गेले. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून एकटाच गोराईला गेलो, तो सगळा रस्ता खाली मान घालून चाललो. काही मिळालं नाही.

गेल्या महिन्यात संजयकडे गेलो होतो. तो दूध आणायला खाली गेला तेव्हा वहिनी समोर येऊन बसल्या.

"भाऊजी, त्या दिवशी तुमच्या खिशात काय होतं?"

मी सगळं सांगितलं. ओट्यावरून उचलल्यापासून सगळं. मी म्हणालो, "वहिनी, तो माझ्याकडून संजयकडे कसा गेला, आईशपथ मला कळत नाही."

"ते मला विचारायचंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणालात ते मी ऐकलं होतं. आणि हात बघितला होता. इतके दिवस वाटायचं, गुदमरल्यामुळे मला भास झाला असेल."

"नाही. भास नव्हता."

त्यांनी पदर सारखा केला. हल्ली त्या ड्रेस घालत नाहीत. "ह्यांना मी काही सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं."

संजय दूध घेऊन आला. आम्ही चहा प्यायलो. मी नाही सांगितलं.

त्यानंतर चार-पाचदा भेटलो असू. प्रत्येक वेळी ठरवून जातो आणि परत येतो. बोलता येईना म्हणून आज लिहायला बसलो. पोस्ट करायच्या आधी फोन मनीषाच्या हातात दिला, कारण तिलाही ह्यातलं काही माहीत नव्हतं. तिने सगळं वाचलं, मग वर स्क्रोल करून काही भाग परत वाचला. फोन टेबलवर ठेवला. मला वाटलं चिडेल, रडेल. तिने विचारलं, "संजय आता घरी असेल ना?"

"असेल."

"मग शर्ट बदल. मी येते बरोबर."

ती चप्पल घालून दारात उभी आहे. चाकू माझ्या खिशातून कसा गेला ते मला आजही माहीत नाही. इथे जाणकार लोक आहेत, कुणाला काही सुचलं तर खाली लिहा. मी आल्यावर वाचतो.