सरकीच्या तेलातली पीएच.डी.

तेलगिरणीत उमेदवारी केलेल्या माणसाच्या सदऱ्याचा वास जात नाही. किश्श्यांचंही तसंच. एक सांगायला बसावं, तर मागून चार येतात!

अमरावतीला सरांच्या हाताखाली मी सरकीच्या तेलावर पीएच.डी. केली. मी त्यांच्याच कॉलेजात शिकवणार, हे सगळ्यांनी धरलेलं. आणि मी अकोल्याला एका तेलगिरणीत केमिस्ट झालो! सर एवढंच म्हणाले, "संशोधन सोडून घाण्याला जुंपून घेतोस?" आणि बोलणं सोडलं. माझ्या पत्रांना उत्तरं यायची ती सरांच्या पत्नीची, काकूंची. वडिलांच्या मागे मी सरांनाच मानत होतो, त्यामुळे हे फार लागलं.

*

मुलाखत शेठजींनी गादीवर बसूनच घेतली.

"पीएच.डी.ले किती वर्सं लागली?"

"पाच."

"पाचही वर्सं तेलावर?"

"तेलातल्या एका आम्लावर."

शेठजींनी मुनीमजींना हाक मारली. "याले ठेवून घ्या! एका कामावर पाच वर्सं टिकला. आपल्या इथं केमिस्ट पाच मयने टिकत नाही!"

*

पहिला रिपोर्ट मी ऐसपैस लिहिला. शेवटी सवयीनं लिहिलं, 'निष्कर्षापूर्वी अधिक संशोधन आवश्यक.'

शेठजी स्वतः लॅबमध्ये आले. "डॉक्टरसाहेब, संशोधन खूप करा. पण वॅगन लागून राहिली. तेल भरू का नको?"

"भरा!"

माझा सर्वांत छोटा प्रबंध तोच.

*

मी पास केलेलं तेल शेठाणीबाई घरी भजी तळून पुन्हा तपासायच्या. एकदा त्यांनी नापास केलं! मी धावत जठारपेठेत त्यांच्या घरी गेलो, भजं खाल्लं.

"बाई, तेल उत्तम आहे. बेसन जुनं आहे."

"हळू बोला!" त्या म्हणाल्या. "बेसन आमच्याच दुकानातलं हाये!"

*

दर्यापूरला, माझ्या गावी, शेजारणीनं आईला विचारलं, "एवढा शिकून पोरगा काय करून राहिला वं?"

आई म्हणाली, "पह्यले सोता पास होये. आता तेलाले पास-नापास करते!"

*

आणि एका एप्रिलमध्ये सर गिरणीच्या फाटकात उभे! काकूंनी माझ्यासाठी लोणचं पाठवलं होतं. बरणी टेबलावर ठेवून म्हणाले, "बसणार नाही. गाडी आहे."

मी तेलाचं आम्ल मोजत होतो. ब्युरेटच्या काचनळीतून थेंब थेंब सोडत होतो. सर मागे येऊन थांबले.

"डोळा खाली घे! रीडिंग असं घेतात?"

मी बाजूला झालो. सरांनी बाह्या दुमडल्या. एक नमुना झाला, दुसरा झाला, मग त्या दिवसाचे सगळेच झाले. चहा निवला. गाडी केव्हाच गेली. शेठजी दारातून पाहून परत गेले.

फाटकापर्यंत मी सोबत गेलो. आता काय ऐकावं लागतं, कोण जाणे. टांग्यात बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. वर्गात कधी वऱ्हाडी न बोललेले सर हळूच म्हणाले,

"उन्हाळ्यात कॉलेज बंदच रायते. शेठजीले विचारून पाय ना... म्हाताऱ्याले ठेवतीन काय?"