पट्ट्याचं तिसरं भोक

आमच्या शेजारच्या काकांनी आयुष्यात न तपासता स्वीकारलेली एकच गोष्ट म्हणजे काकू. तीसुद्धा, काकूंच्या सांगण्याप्रमाणे, मुलगी दाखवायच्या दिवशी नेमके दिवे गेले होते म्हणून. बाकी दुधापासून डॉक्टरांच्या पदवीपर्यंत सगळं काकांच्या हाताखालून गेल्याशिवाय घरात येत नसे. भोपाळला आमच्या कारखान्यात ते आणि माझे बाबा एकाच महिन्यात रुजू झाले, आणि वसाहतीत दोघांना भिंतीला भिंत लागून क्वार्टर मिळालं. बाबा ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढत आणि काका तपासणी खात्यात त्या नकाशांबरहुकूम बनलेल्या वस्तूंमध्ये खोट काढत. त्यांच्या खात्यात पास झालेल्या नगाला हिरवी चिठ्ठी बांधायची आणि नापास नगाला लाल, अशी पद्धत होती. काका त्या चिठ्ठ्या खिशात घालूनच घरी येत. माझ्या सायकलच्या ब्रेकला त्यांनी लाल चिठ्ठी बांधली, ती मी नवे रबर बसवेपर्यंत सुटली नाही. वसाहतीच्या गणपतीत एका वर्षी स्टेजच्या खांबाला चिठ्ठी लागली आणि नाटक दीड तास खोळंबलं. एका दिवाळीत काकूंच्या चकलीला लाल चिठ्ठी लागली, तेव्हा मात्र काकूंनी ती चिठ्ठी जेवताना त्यांच्या ताटात वाढली आणि वर तूप घातलं. चकलीची तपासणी त्या दिवसापासून बंद झाली.

निवृत्त झाल्यावर तर त्यांना ऊतच आला. बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात भेंडी घेताना ते एकेक शेंडा मोडून बघत, तेव्हा तिथला भाजीवाला कपाळाला हात लावून म्हणाला होता, "साहब, भिंडी लेनी है कि भिंडी का बयान लेना है?" काकांनी शांतपणे पुढची भेंडी उचलली. बाबा त्यांना 'इन्स्पेक्टर' म्हणत. "इन्स्पेक्टर, तू मेल्यावर यमदूतांचं ओळखपत्र बघितल्याशिवाय हलणार नाहीस," असं म्हणून बाबा पोट धरून हसत आणि काका गंभीरपणे म्हणत, "का हलावं?"

त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट मात्र मला नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं. एकदा कारखान्यात नवा रंग आला होता. तो जुन्यापेक्षा टिकतो का, हे बघायला काकांनी लोखंडाच्या दोन पट्ट्या घेतल्या, एकीला जुना रंग दिला, दुसरीला नवा, आणि दोन्ही गच्चीवर वर्षभर उन्हापावसात ठेवल्या. दहा महिन्यांनी त्यांच्या हाताखालच्या एका कामगाराला जुन्या रंगाच्या पट्टीची दया आली. बिचारी गंजायला लागली म्हणून त्याने तिच्यावर ताडपत्री टाकली. काकांनी दोन्ही पट्ट्या भंगारात टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात केली. "ज्या नमुन्याची दया आली, तो नमुना फुकट गेला," हे वाक्य त्यांनी आम्हां मुलांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की आम्ही कॅरम खेळताना ते एकमेकांवर फेकायचो.

साठी ओलांडल्यावर सहा महिन्यांच्या अंतराने दोघांनाही हृदयाचा त्रास सुरू झाला. हृदयाचे स्नायू अशक्त झाले होते, गोळ्या होत्या, पथ्य होतं, आणि दोघे मिळून ते मोडतही होते. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी टी. टी. नगरला सरकारी कचेरीत नोकरीला होते, सकाळी नऊला निघायचे ती दिवेलागणीला घरी. तेवढ्यात युनिव्हर्सिटीच्या मेडिकल कॉलेजचा एक अभ्यास सुरू झाला. अशा रुग्णांना घरी पाठवल्यावर त्यांची काळजी कशी घ्यायची, हे त्यांना तपासायचं होतं. अर्ध्या लोकांची काळजी जुन्या पद्धतीने, म्हणजे गोळ्या आणि महिन्याला एक फेरी. उरलेल्यांची नव्या पद्धतीने: घरी वजनकाटा, एक पुस्तिका, आणि दर आठवड्याला नर्सचा फोन. कोण कुठे, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. हे कळल्यावर काकांचा चेहरा असा फुलला, की नातू झाला तेव्हाही मी तो तसा पाहिला नव्हता. "अरे, जन्मभर दुसऱ्यांना तपासलं, आता आपण नमुना!" असं म्हणत त्यांनी बाबांनाही ओढत नेलं. पाकिटं उघडली. काकांना नवी पद्धत मिळाली, बाबांना जुनी.

"घ्या," बाबा म्हणाले, "तुला नवा रंग, मला जुना. कोण आधी गंजतं बघू."

काका हसले नाहीत. त्यांच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की रोज सकाळी वजन करा, पावलांवर सूज आहे का बघा, आणि दोन-तीन दिवसांत वजन चढलं किंवा सूज वाढली तर वाट न बघता दवाखाना गाठा. पुस्तिका देताना नर्स सहज म्हणाली होती, "अंकलजी, ये किताब किसी और को मत दीजिएगा, नहीं तो हमारी स्टडी गड़बड़ हो जाएगी." एवढंच. दुसऱ्या कोणी हे ऐकलं असतं आणि घरी पोचेपर्यंत विसरलं असतं. काकांनी ते खात्याचा आदेश मानलं. बाबा त्यांच्याकडे गेले की वजनकाट्यावर चादर पडे. नर्सचा फोन आला की काका दार लावून बोलत. बाबा मुद्दाम दाराशी जाऊन ओरडत, "वहिनी, कोणाचा फोन आहे हो? एवढं लाजून बोलतोय तो!" आणि काकू आतून म्हणत, "घेऊन जाऊ दे तिला यांना एकदाचं. पण आधी हे तिलाही चिठ्ठी बांधतील." त्या हिवाळ्यात आम्ही फार हसलो.

दोघे रोज सकाळी मैदानाला दोन फेऱ्या मारत आणि मग नाल्यावरच्या पुलियावर उन्हाला बसत. बाबा मोज्यांवर पट्ट्याचे सँडल घालायचे. त्यांचा पट्टा टोकाकडून तिसऱ्या भोकात बसायचा, वर्षानुवर्षं तिथेच. जानेवारीतल्या एका सकाळी तो दुसऱ्या भोकात गेला. मी उंबऱ्याशी होते, मी पाहिलं. "सैल का केला?" मी विचारलं. "मोजे जाड आलेत या वर्षी," बाबा म्हणाले, आणि मला बस गाठायची होती. मी निघाले. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या भोकात होता. तेव्हा माझं लक्षच गेलं नाही.

चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, काका आमच्या दारात आले ते वजनकाटा काखेत धरून. त्यावर चादर नव्हती. चेहरा पांढरा पडला होता. "चढ याच्यावर," ते बाबांना म्हणाले.

"अरे, पण माझा रंग जुना..."

"चढ म्हणतो ना!" काका ओरडले. त्यांना ओरडताना मी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं. बाबा मुकाट्याने चढले. काकांनी आकडा वाचला, बाबांचे मोजे स्वतःच्या हातांनी उतरवले, घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला. मी रस्त्यावर धावत जाऊन रिक्षा आणली.

बाबा पाच दिवस दवाखान्यात होते आणि सहाव्या दिवशी पहाटे गेले. तीन दिवस आधी आणलं असतं तर वाचले असते का, हे डॉक्टरांनी कधीच ठामपणे सांगितलं नाही. हृदय मुळातच थकलं होतं, एवढंच म्हणाले. पण काकांनी त्याच सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात अभ्यासाच्या तरुण डॉक्टरीणबाईंना गाठलं आणि ताठ उभे राहून म्हणाले, "मॅडम, सैंपल मैंने खराब किया है. मेरा नाम काट दीजिए. तीन दिन तो मैंने सब्र रखा, चौथे दिन नहीं रख पाया."

त्या बाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "अंकल, किताब देने को मना किया था. अस्पताल लाने को किसने मना किया था?"

मी चार हातांवर उभी होते. त्या क्षणी मला काकांचा इतका राग आला की काकूंनी माझा हात धरला नसता तर मी काय बोलले असते, मलाच माहीत नाही.

तेराव्या दिवसानंतर त्यांनी एक वही आणून माझ्या हातात दिली. त्यांच्या तपासणीच्या अक्षरात, एकाखाली एक सरळ ओळींत, लिहिलं होतं: गुरुवार, पट्टा दुसरं भोक. शुक्रवार, पहिलं. शनिवार, पहिलं, तरी घट्ट, पुलियावर दोनदा दम लागला. रविवारी काही लिहिलेलं नव्हतं. "वाच आणि काय ते ठरव," म्हणाले. मी वही परत दिली आणि दार लावलं. सहा-सात महिने मी त्यांच्याशी धड बोलले नाही. आमची भिंत एकच होती, त्यांच्या घरी नर्सचा फोन आला की मला ऐकू येई. नाव कापून घेतलं नव्हतं त्यांनी. मी चिडून काकूंना विचारलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "अगं, ते म्हणतात, त्याचा आकडा त्याने जीव देऊन दिला. आता माझा अर्धवट ठेवला तर त्याचाही फुकट जाईल." ते ऐकून मी घरी आले आणि पहिल्यांदा पोटभर रडले. गुरुवारी उंबऱ्यातून मीही तो पट्टा पाहिला होता. मला तर कोणी काही मना केलं नव्हतं.

अभ्यास संपला, आणि पुढे ती पुस्तिका सगळ्याच रुग्णांना मिळायला लागली. नर्सने हे फोनवर सांगितलं त्या दिवशी काकांनी वजनकाटा पिशवीत घातला आणि वसाहतीतल्या प्रत्येक निवृत्त माणसाच्या घरी गेले. तेव्हापासून दर रविवारी त्यांची फेरी असते. लोक त्यांना बघून मागच्या दाराने पळायचे, एक गृहस्थ तर न्हाणीघरात जाऊन बसले. काका बाहेर स्टूल टाकून त्यांच्यासाठी थांबले. मोजे उतरवल्याशिवाय ते कोणाला सोडत नाहीत.

आता वसाहतीतली अर्धी क्वार्टरं रिकामी आहेत आणि मी मिसरोदला फ्लॅट घेतलाय. काका तिथेही येतात, बसने, पिशवी छातीशी धरून. मी रागावलेली नाही, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलंय. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते खोटं होतं. आता ते खरं आहे, पण काही न तपासता मान्य करणं त्यांच्या स्वभावातच नाही, म्हणून ते दर रविवारी येऊन माझ्या तोंडाकडे क्षणभर बघतात आणि मग नजर खाली पायांकडे नेतात. जन्मभर मी साध्या चपला वापरल्या. आता मुद्दाम पट्ट्याचे सँडल घेतलेत.

"कितवं?" ते विचारतात.

"तिसरं, काका."

ते माझ्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत. एक हात गुडघ्यावर टेकून, दम घेत घेत खाली वाकतात आणि बोटाने स्वतः मोजतात: एक, दोन, तीन. मग पट्ट्याखाली बोट घालून बघतात, आणि तसेच थोडा वेळ माझं पाऊल धरून बसतात. चहा निवतो. मी त्यांना उठवत नाही.