हरणाबाईचा चौक

आमच्या आटपाडीकडच्या वस्त्यांवर खंडोबाचं जागरण असलं की चौक भरायला हरणाबाईच लागायची. सारवलेल्या जमिनीवर ती चिमटीतून पिठाची रेघ सोडायची, दोरी लावल्यासारखी सरळ. चार बाजू म्हणजे चार दिशा, कोपऱ्यांत हळदकुंकू, मधोमध तांदळावर कलश. "ह्यो देवाचा वाडा," ती सांगायची. "पूजा उठंस्तवर ह्यात माणसाचा पाय पडायचा न्हाई." एका नवरदेवानं चेष्टेनं अंगठा पुढं केला, तर भर मांडवात तिनं त्याच्या मुस्काटात भडकावली होती. अशी बाई.

आणि तिच्याच पोटी धुळा निपजला. दारू आणि संशय, दोन्ही रोजचंच. बायको सोनिया मार खाऊन खाऊन वाळून गेली होती.

गेल्या चैत्रात हरणाबाईच्याच घरी जागरण होतं. दुपारी चौक भरून होतोय तोच अंगणात किंकाळी उठली. सोनिया रक्ताळलेल्या तोंडानं आत धावली, मागं शेळ्यांचा पाला तोडायची कुऱ्हाड घेऊन धुळा. मी शेजारच्या घरातून धावलो. हरणाबाईनं जन्मभराचा नेम मोडला आणि सुनेला धरून चौकात, कलशाजवळ बसवलं.

"हितं हात उचलायची कुणाची छाती न्हाई," ती म्हणाली. बाई वेडी नव्हती. पिऊन तर्र झालेले गडीसुद्धा त्या रेघेपाशी वहाणा काढताना तिनं पाहिले होते.

धुळ्यानं वहाणेसकट रेघ तुडवली. लाथेनं कलश उडवला. कुऱ्हाड सोनियाच्या खांद्यात हाडापर्यंत गेली. कुऱ्हाड पुन्हा वर गेली तेव्हा हरणाबाईनं कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि पोटच्या पोराच्या गुडघ्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला. तो "आयंऽ" म्हणून कोसळला, तरी ती मारतच राहिली. आम्ही तिला मागं ओढलं तेव्हा पिठात रक्ताचा चिखल झाला होता.

सोनिया जगली, पण उजवा हात खांद्यापासून लुळा पडला. धुळा कुबडीवर आहे. मला त्याची कणभरही कीव येत नाही.

चौकशीला आलेल्या हवालदारानं म्हातारीला वाट काढून दिली. "मावशी, झटापटीत लागलं आसंल त्याला, व्हय ना?"

"न्हाई. म्या मारलं," हरणाबाई म्हणाली. "पर आदी मुसळ उचलायचं सोडून पोरीला रेघंत बसवलं. तिचा हात माज्या इस्वासानं गेला, सायेब. त्ये बी लिवा."