नामपूरचा पहिला नारळ

उजव्या स्तनाग्राला खाज सुटली तेव्हा मी सगळा दोष साबणाला दिला. साबण बदलला, धुण्याची पावडर बदलली, ब्लाउज शिवणाऱ्या बिचाऱ्या बाईलाही बोल लावले. मलमाने खपली जायची, मलम थांबवलं की परत हजर. शेवटी यांच्या कटकटीला कंटाळून मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करून घेतली.

दोन्हींत काही निघालं नाही. मी तिथल्याच बाकावरून नामपूरला धाकट्या बहिणीला फोन केला. तिने मारुतीला नारळ कबूल केला होता. फोन ठेवला आणि ती तडक देवळात गेली. इकडे मी चहा पिऊन घरी जायच्या बेतात, चपला घालत होते, तोच सोनोग्राफी करणारी डॉक्टर माझ्या मागे बाहेर आली.

"काकू, फोटो स्वच्छ आहेत. पण ती कातडी मला बरी वाटत नाही. तिचा तुकडा तपासू या."

मला रागच आला. स्वतःच्या मशीनवर भरवसा नाही का, असं मी फणकाऱ्याने विचारलं.

"मशीनला खाज दिसत नाही, काकू," ती म्हणाली, आणि माझ्यासमोरच पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांना फोन लावला.

तांदळाएवढ्या त्या तुकड्यात कर्करोगाच्या पेशी निघाल्या. पॅजेट म्हणतात त्याला. क्वचितच होतो, दिसायला इसबासारखा, आणि फोटोत कधीकधी काहीच सापडत नाही. मी फार घाबरले. बहीण फोनवर रडतच म्हणाली, "माझा नारळ वाया गेला का गं, ताई?"

ऑपरेशनमध्ये स्तनाग्र आणि त्यामागचा भाग काढला. पुढचा रिपोर्ट येईपर्यंत जीव टांगणीला लागला होता. रोग दुधाच्या नळ्यांपुरताच होता, पुढे गेला नव्हता, हे कळलं तेव्हा मी दवाखान्यातच रडले. सोनोग्राफीच्या त्या डॉक्टरचे हात हातात घेतले.

बहीण दुसरा नारळ घेऊन निघाली होती. म्हटलं, खुशाल फोड, खोबरं मला पाठव. पण पहिला वाया गेला नव्हता गं. तू देवळात उभी होतीस, तेव्हाच ती डॉक्टर माझ्या मागे बाहेर आली होती.