कूलरमध्ये तीस किलो जिवंत दगड

मी माझ्या सासऱ्यांना मीठ लावून वाळवलं, असं आमच्या नातेवाइकांत सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. मीठ माझं होतं, वाळवलं ते कूलरने.

सुरुवातीपासून सांगतो, कारण आमच्याकडच्या लग्नकार्यांत ही गोष्ट नेहमी शेवटाकडून सांगितली जाते आणि त्यात मी फार मूर्ख ठरतो. सुरुवातीपासून सांगितली की किंचित कमी ठरतो.

माझे सासरे, म्हणजे मामाजी, सावनेरजवळच्या एका खेड्यात राहतात. ऐंशीच्या घरातले, जन्मभर कापूस आणि तूर पिकवलेले, गळ्यात तुळशीची माळ, बोलणं मोजकं. नागपूरला आले की ते मोठ्या जावयाकडे उतरायचे, म्हणजे माझ्या साडभाऊंकडे. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, पण मामाजी आमच्याकडे चहाला यायचे, मुक्कामाला कधी नाही. माझी बायको सुनंदा याबद्दल एक शब्द बोलत नसे. फक्त ते चहा पिऊन गेले की त्या दिवशीच्या पोळ्या जरा जास्त जोरात लाटल्या जायच्या.

मग साडभाऊंनी घरभर एसी बसवले. एसीत मामाजींचे गुडघे आखडतात. गेल्या मे महिन्यात त्यांचा फोन आला. “सुनंदा, तुह्या घरी अजून कूलरच हाये ना वं? मंग मी तुह्याकडंच येतो, चार दिवस.”

सुनंदाने फोन ठेवला आणि ती सोफ्यावर बसून चक्क रडली. आनंदाने. म्हणजे बावीस वर्षांचा मान आता आमच्या हॉलच्या खिडकीतल्या एका कूलरवर अवलंबून होता. हे मला समजलं होतं. तरीही पुढचं झालं.

कारण नेमका त्याच आठवड्यात मी नागपुरात समुद्र आणत होतो. सदरच्या आमच्या ऑफिसात दुपारच्या सुट्टीत मी मोबाइलवर प्रवाळांच्या टाक्या बघायचो. बघता बघता हॉलमध्ये पाच फुटी काचेची टाकी आली, समुद्री मिठाची पाकिटं आली, आणि शुक्रवारी थर्माकोलच्या खोक्यांतून, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले, तीस किलो जिवंत दगड आले.

जिवंत दगड म्हणजे काय, हे मी तेव्हा भेटेल त्याला समजावून सांगत होतो, तुम्हालाही सांगतो. दिसायला तो भोकाभोकांचा दगडच. पण त्या भोकांत लाखो सूक्ष्म जीव राहतात आणि टाकीतलं पाणी स्वच्छ ठेवतात. हे दगड समुद्रातून उपटलेले नसतात. कुणीतरी ते खाऱ्या पाण्याच्या हौदात वर्षभर मुरवलेले असतात, कैरीच्या लोणच्यासारखे. ते सतत ओले हवेत, पाणी गार हवं आणि हलतं हवं. वाळला की दगड मेला.

“दगड मेला म्हणजे काय होते?” सुनंदाने विचारलं होतं.

“वास येतो.”

“आणि जिवंत असला म्हणजे?”

“तेव्हाही थोडा येतो.”

“बाबा रविवारी संध्याकाळी येऊन राहिले,” ती एवढंच म्हणाली. “तोपर्यंत हॉल हॉलसारखा दिसला पाहिजे.”

शनिवारी मी दगड रचायला बसलो. नियम सोपे होते. दगड काचेला टेकू द्यायचे नाहीत, मध्ये गुहा ठेवायच्या, आणि पाणी सगळीकडून खेळलं पाहिजे. मी कागदावर आराखडा काढला. डावीकडे डोंगर, उजवीकडे डोंगर, मधून कमान. पहिल्यांदा कमान पडली. दुसऱ्यांदा कमान डावा डोंगर घेऊन पडली. तिसऱ्यांदा सगळं नीट उभं राहिलं, मी सुनंदाला हाक मारली, ती पदराला हात पुसत आली, आणि तिच्या डोळ्यांसमोर दोन्ही डोंगर एकमेकांच्या गळ्यात पडले.

“छान आहे,” ती म्हणाली. “हे असंच ठेवायचं आहे काय?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोष माझा नाही, टाकीच एका बाजूला कलली आहे. (दोष माझा नाही हे माझ्या नेहमी फार लवकर लक्षात येतं.) सुतार रविवारी दुपारी स्टँडखाली फळी ठोकायला येतो म्हणाला. तोपर्यंत टाकी रिकामी करणं भाग होतं. मी दगड काढून न्हाणीघरातल्या बादल्यांत खाऱ्या पाण्यात ठेवले. पण मे महिन्यात आमच्या न्हाणीघरात बादलीतलं पाणी आपोआप आंघोळीचं होतं. रविवारी सकाळी पाणी कोमट लागलं आणि दगडांना वास मारू लागला. माझे दगड आचके देत होते.

मग मला कल्पना सुचली. आजही सांगतो, शास्त्रीयदृष्ट्या त्या कल्पनेत एकही चूक नव्हती. घरात सगळ्यात गार पाणी कुठे असतं? कूलरच्या टाकीत. सतत हलतं कुठे असतं? कूलरच्या टाकीत. सावली कुठे असते? तिथेच. आमचा कूलर चांगला कंबरेइतका उंच, फायबरचा, म्हणजे गंजायचीही भीती नाही. सुनंदा आंबे आणायला बाजारात गेली तेवढ्यात मी त्यातलं गोडं पाणी काढलं, खारं भरलं आणि तीस किलो दगड त्यात अलगद उतरवले. मोटर सुरू केली, पंखा मुद्दाम बंद ठेवला. पाणी खसच्या ताट्यांवरून झुळझुळत खाली दगडांवर पडू लागलं. दगडांना इतकं सुख समुद्रातही मिळालं नसतं. दुपारी सुतार येणार, टाकी सरळ होणार, दगड टाकीत जाणार, कूलर धुऊन गोड्या पाण्याने भरणार, आणि संध्याकाळी मामाजी येणार.

सुतार आला नाही. मामाजी सकाळच्या बसने आले.

बाराच्या ठोक्याला ते दारात उभे होते. डोक्याला पांढरा दुपट्टा, हातात पिशवी, चेहरा उन्हाने लाल. सुनंदाने गूळ-पाणी दिलं, कूलरच्या अगदी समोरची खुर्ची दिली आणि कूलरकडे पाहिलं.

“काहो, पंखा काहून बंद आहे?”

“मोटर चालू आहे ना.”

“मोटरचं काय करायचं? पंखा लावा.”

“नको.”

“काहून नको?”

“मामाजी उन्हातून आले. एकदम गार वारा बरा नाही.”

मामाजींनी दुपट्टा सोडला. “जवाईबापू, मी गार वाऱ्यासाठीच आलो.”

त्याच वेळी खरं सांगून टाकायला हवं होतं. पण सुनंदा वडिलांकडे ज्या कौतुकाने पाहत होती ते बघून मला धीर झाला नाही. मी मनात म्हटलं, वारा वेगळा आणि पाणी वेगळं, मीठ काही उडत नसतं. सुनंदाने बटण दाबलं.

पहिली पाच मिनिटं काहीच झालं नाही. त्या पाच मिनिटांत माझा विज्ञानावरचा विश्वास पक्का झाला. मग मामाजींनी नाक वर केलं.

“सुनंदा, सुकट शिजवून राहिली काय वं?”

माळकरी बापाने बावीस वर्षांनी मुक्कामाला यावं आणि मुलीच्या घरी वाळल्या मासळीचा वास घ्यावा! सुनंदाचा चेहरा उतरला. “नाही हो बाबा. तुम्ही येणार म्हणून मी लसूण पण नाही टाकला.”

“शेजारी करत असतील,” मी म्हणालो. शेजारीही माळकरी आहेत हे मामाजींना माहीत नव्हतं. सुनंदाला होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती चहा ठेवायला गेली.

इकडे मामाजी चष्मा काढून पुसत होते. घातला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला. “जवाईबापू, माया डोयात पुन्हा मोतीबिंदू आला वाटते. सारं धुरकट दिसून राहिलं.”

चष्म्यावर पांढरी साय आली होती. मी म्हणालो, “वय झालं की होतं असं.” माणूस एकदा खोटं बोलायला लागला की सासऱ्याचे डोळेसुद्धा पणाला लावतो.

चहा आला. मामाजींनी एक घोट घेतला, थांबले, मिशीवरून जीभ फिरवली.

“साखर समजून मीठ टाकलं काय वं?”

सुनंदाने धावत येऊन त्यांच्याच कपातला चहा बशीत ओतून चाखला. चहा गोड होता. तिने गोंधळून वडिलांकडे पाहिलं. त्यांच्या भुवया पांढऱ्या होत्याच, आता मिशी, कान आणि दुपट्ट्याची कड हेही पांढरं दिसत होतं. तिने त्यांच्या खांद्यावरून बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. मग ती हळूच माझ्याकडे वळली. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, पण खिडकीत कूलर होता.

त्याच क्षणी कूलरच्या जाळीतून नखाएवढं काहीतरी टुणकन उडालं आणि मामाजींच्या धोतरावर पडलं. सुनंदा किंचाळली. मामाजी मात्र शांत. त्यांनी ते दोन बोटांत उचलून डोळ्यांजवळ नेलं.

“खेकडा हाये,” ते म्हणाले. “पन हा नागपुरात काय करून राहिला?”

दगडाच्या भोकांत बसून असे पाहुणे येतात, हे मी वाचलं होतं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. सांगत असतानाच साडभाऊंचा फोन आला. “मामाजी पोचले काय? तिकडे गरम होत असेल तर सांगा, गाडी पाठवतो. हवं तर एसी बंद ठेवू.”

सुनंदाने कूलरचं बटण बंद केलं. तिचे डोळे भरून आले होते. “बाबा, तुम्ही ताईकडे जा,” ती म्हणाली. “मी तुमची पिशवी आणते.” मला त्या दगडांची, त्या टाकीची आणि माझी स्वतःची मनापासून लाज वाटली. तिने बावीस वर्षं एकाच गोष्टीची वाट पाहिली होती आणि मी ती खारवून ठेवली होती.

मामाजी उठले. पण दाराकडे नाही, गॅलरीकडे गेले. त्यांनी कूलरची बाजूची ताटी काढली आणि आत वाकून पाहिलं.

“हे दगड तुम्ही इकत आनले?”

“हो, मामाजी. पिकवलेले आहेत.”

“दगड पिकवतेत?”

“खाऱ्या पाण्यात. वर्ष लागतं.”

“आमच्या वावरात दरसाल येतेत,” ते म्हणाले. “फुकटात. नाही म्हनलं तरी येतेत.”

त्यांनी आतल्या एका दगडाला बोट लावून पाहिलं.

“हे असेच बाहेर ठेवले तं काय होते?”

“मरतात.”

“मंग उभे काय राहिले? आना आतमंदी.”

त्यानंतरचा एक तास मी आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही इतकं त्यांचं ऐकलं. आधी त्यांनी टाकीच्या तळाशी एक सुपारी ठेवली. ती गडगडत गेली त्या बाजूला स्टँडच्या पायाखाली त्यांनी माझ्या ऑफिसच्या डायरीचा पुठ्ठा चार घड्या करून सारला. सुपारी थांबली. मग कोपरापर्यंत हात टाकीत घालून ते दगड रचू लागले आणि मी वरून खाऱ्या पाण्याचे तांबे ओतत राहिलो. एकेक दगड ते हातात फिरवून बघत, त्याची बसायची बाजू सापडली की मगच खाली ठेवत.

“तुमचं चुकलं कुठं सांगू? तुम्ही भिंतीवानी रचून राहिले. आमी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, दगड लावतो तं फटी ठेवतो. पानी अडवाचं नसते, त्याले वाट द्या लागते. नाही तं पहिल्याच पान्यात सारं वाहून जाते.”

मी तीन महिने मोबाइलवर जे शिकत होतो ते एवढंच होतं. दगडांच्या मधून गुहा तयार झाली, काचेला एकही दगड टेकला नाही, आणि कमानीवर मामाजींनी तळहाताने दाबून पाहिलं तरी ती हलली नाही. शेवटी त्यांनी तांब्यात ठेवलेला खेकडा गुहेच्या तोंडाशी सोडला. मग कूलर धुतला गेला, मामाजींना आंघोळ घातली गेली (दोनदा), आणि साडभाऊंना कुणीच उलटा फोन केला नाही.

चार दिवस मामाजी कूलरच्या वाऱ्यात खुर्ची टाकून टाकीसमोर बसले. पंप कुठे ठेवायचा, दिवा किती वेळ लावायचा, मीठ किती घालायचं, सगळं ते मला विचारत आणि मग स्वतःच ठरवत. पाचव्या दिवशी सकाळी सुनंदा त्यांची पिशवी भरत होती. एकच धोतर तिने तीनदा घडी घातलं, तीनदा मोडलं. मला राहवलं नाही.

“मामाजी, अजून राहा ना थोडे दिवस.”

ते टाकीकडे बघत राहिले. “रायतो,” ते म्हणाले.

सुनंदाच्या हातातलं धोतर तसंच राहिलं. “खरंच बाबा?”

“राहाच लागते वं. या दगडाइले जवाईबापूच्या भरोशावर कसा सोडून जाऊ?”

ते पंचवीस दिवस राहिले. आता गावाहून रोज संध्याकाळी फोन येतो. आधी दगडांची चौकशी होते, मग खेकड्याची, मग सुनंदाची, आणि फोन बंद होतो.

“वाईट नका वाटून घेऊ,” सुनंदा मला म्हणते. “दगडांत जीव आहे हे बाबांना चार दिवसांत पटलं. तुमच्या डोक्यात काही आहे, हे पटायले वेळ लागेल.”