एक्सरेत न दिसलेला मार

ट्रॉलीचा फाळका उघडताना समोर उभं राहू नये, बाजूला राहावं, हे मी वीस वर्षं सगळ्यांना शिकवत आलो. त्या दिवशी चिखलीच्या बाजारात सोयाबीनची ट्रॉली लावली, खिळी काढली आणि मीच समोर उभा. मालाच्या रेट्यानं फाळका छातीवर असा बसला की भाव न विचारताच मी आडवा झालो.

दवाखान्यात एक्सरे काढला. बरगड्या शाबूत. मग काय! संध्याकाळी भाचीचा साखरपुडा होता आणि मला मामा म्हणून मिरवायचं होतं. आमच्याकडे भेटायला आलेला प्रत्येक माणूस एक्सरे खिडकीशी धरून पाहतोच. नाही पाहिला तर पेशंटचा अपमान होतो. साळ्यानं तर तो उलटा धरूनही निकाल दिला, "एकदम ओके, दाजी."

डॉक्टरीणबाई वयानं लहान, त्यामुळे आम्हाला त्यांचं कमी पटत होतं. त्या म्हणाल्या, एक्सरेत हाडं दिसतात, हृदयाला मुका मार बसला तर तो दिसेलच असं नाही. मग ईसीजी झाला. ठोके थोडे चुकत होते. पुढे हृदयाची सोनोग्राफी झाली, तीही चांगली आली. मी उठूनच बसलो. दोन-दोन मशिनी माझ्या बाजूनं बोलल्या होत्या!

"मशिनीला दिसलं नाही म्हणजे लागलं नाही, असं नसतं काका," बाई म्हणाल्या. रक्त तपासू, उद्यापर्यंत ठोक्यांवर नजर ठेवू, असं त्यांचं म्हणणं. साळा म्हणाला, हे दवाखान्यांचे धंदे आहेत.

मी खाटेखाली चपला शोधल्या. नव्हत्या. बायको मांडीवर पिशवी घेऊन बसली होती आणि चपला पिशवीत होत्या.

साडेचारला, म्हणजे मी साखरपुड्याच्या गाडीत बसलो असतो तेव्हा, ठोके एकदम उधळले. नर्स धावली, बाई धावल्या, शिरेतून औषध गेलं. अर्ध्या तासानं ठोके दाव्याला आले. साळा तेवढा वेळ कोपऱ्यात पुन्हा एक्सरेच पाहत होता, या खेपेला सुलटा.

दोन दिवसांनी सुट्टी झाली. मी बायकोला विचारलं, सगळं चांगलं दिसत असताना तुले शंका काऊन आली?

तिनं पिशवीतून चपला काढून पायापुढे टाकल्या.

"लग्नाआधी तुमचा फोटो दाखवला होता मले. त्यातही काही खोट दिसली नव्हती. नांदाले आल्यावर समजली."