कोपी फोटोत येते

घरकुल मंजूर झालं तेव्हा इंजिनिअर म्हणाला, "बाबा, आधी जुनं घर पाडा. मोकळ्या जागेचा फोटो लागतो." मातीच्या भिंती, वर पत्रा. गळायचं, पण घर होतं. ते आम्ही नवरा-बायकोनं आपल्या हातानं पाडलं. मग राहायचं कुठं, हे त्यानं सांगितलं नाही. त्याच्या योजनेत ते नसावंच.

बायकोनं त्याच जागेपुढं दुपारपर्यंत कोपी उभी केली. उभा जन्म आम्ही ऊस तोडला. दरसाल कोल्हारकडच्या मळ्यांत जायचं, फडाजवळ कोपी घालायची, कारखाना बंद झाला की मोडायची. बांबू वाकवायचे, वर ताडपत्री टाकायची, बुडाला माती लावायची. हे काम तिचं. मला नुसती दोरी धरायला उभं करायची.

कोपीला दार नसतं. जुनं लुगडं टांगायचं. कुत्रं आत येतं, वारं येतं, मुकादम हाक मारता मारता डोकं आत घालतो. म्हणून तिचं एकच मागणं होतं. "अवो, घर केवढं बी असू द्या. पर आतून कडी लावता येईल असं दार पायजे." खर्ड्याच्या बाजारात तिनं ते दार ठोकून बघून घेतलं. भिंतींचा पत्ता नाही आणि दार आणलं म्हणून शेजारीण हसली. "मावशे, आता ह्या दाराला घर शोधा."

"दार आलंय. घर येतंय मागनं चालत," ही म्हणाली.

पाया आम्हीच खणला, दगड आम्हीच वाहिले. जोतं झालं. आता जोत्याचा फोटो, मग हप्ता, मग भिंती. फोटो काढायला किती वेळ लागतो? तेवढ्यासाठी अख्खा पावसाळा नि निम्मी थंडी आम्ही कोपीत काढली. इंजिनिअर कधी मीटिंगला, कधी दुसऱ्या गावाला, कधी मोबाईलला रेंज नाही. थंडीत तिची छाती भरली. दवाखाना झाला, औषधं झाली, निजायला परत तीच कोपी. तिथंच गेली. दार जोत्यावर प्लास्टिकात गुंडाळून पडलेलं.

लोक म्हणाले, तिचे दिवस भरले होते. खोटं आहे. भरले नव्हते.

दिवस घालून झाल्यावर तो आला आणि फोटो काढून गेला.

आता घर पुरं झालं. शेवटच्या फोटोला तोच इंजिनिअर. मोबाईल वर धरला, खाली घेतला.

"बाबा, ती झोपडी काढा. फोटोत येते."

"ती कोपी हाय."

"तेच हो. पक्क्या घरापुढं बरी दिसत नाही. वरचे लोक फोटो बघतात, काय म्हणतील?"

"त्यास्नी सांगा, तुमच्या फोटोची वाट बघत माझी बायकू हितं मेली."

तो म्हणाला, "माझ्या हातात काय असतं, बाबा?"

"मोबाईल असतो की."

तो वळसा घालून घरामागं गेला, मागच्या भिंतीचा फोटो काढला आणि गाडीला किक मारून निघाला.

परवा ग्रामसेवक आला. फोटो वरून परत आला म्हणे. घर पुढून दिसलं पाहिजे, दार दिसलं पाहिजे. "बाबा, कशाला अडवताय? चार बांबू तर आहेत. मोडून टाका, उद्या साहेब परत येतील."

"येऊ द्या. पुढूनच काढा म्हनावं. दार बी दिसंल, कोपी बी दिसंल."

"आणि तोही फोटो परत आला तर?"

"मग परत या. वाट बघायचं आमाला शिकवावं लागत न्हाई."